हौदा नवा, चासी जुनी

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले आणि नारायणगाव मागे टाकले, की आळेफाट्याच्या अलीकडे पिंपळवंडीची हद्द लागते. कुकडीच्या पाण्याने हिरवागार झालेला हा मुलूख आहे. ऊस, कांदा, टोमॅटो, अधूनमधून द्राक्षाचे मांडव आणि त्यांच्यामधून धडधडत जाणारी अवजड वाहने. चाळकवाडीचा टोलनाका ओलांडून पुढे आळेफाट्यावर कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता या रस्त्याला छेदतो. पश्चिमेला वळावे तर माळशेज घाट उतरून कोकण, पूर्वेला वळावे तर थेट मराठवाडा. माल इकडून तिकडे नेण्याचा धंदा या तालुक्याला नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात नाणेघाटाने बैलांचे तांडे चढत-उतरत होते, आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही घाटमाथ्यावर आहे. बैल गेले, ट्रक आले. ओझे मात्र तेच राहिले.

अशा रस्त्यांच्या कडेला पत्र्याच्या शेड असतात. बाहेर टायरांची उतरंड, आत वेल्डिंगच्या ठिणग्या, जमिनीवर काळे तेल मुरून डांबरासारखी झालेली माती. तिथे कधीकधी एखादा म्हातारा डंपर सुटा होऊन पडलेला दिसतो. चाके एकीकडे, इंजिन साखळीला टांगलेले, केबिन भिंतीला टेकवलेली आणि मधोमध लाकडी ठोकळ्यांवर नुसता लोखंडी सांगाडा. येणारा-जाणारा समजतो, याचे भंगार होणार. पण महिना-दोन महिन्यांनी तोच सांगाडा नवा हौदा पाठीवर घेऊन, कपाळावर लिंबू-मिरची बांधून पुन्हा रस्त्याला लागलेला असतो.

मग प्रश्न पडतो, तो डंपर जुना की नवा? इंजिनाचे पोट बदलले, हौदा बदलला, पाटे बदलले, रंग बदलला. तरीही मालक म्हणतो, ‘ही आपली जुनीच गाडी.’ या प्रश्नाला मिस्त्रीचे एक उत्तर आहे, बँकेचे दुसरे आणि सरकारचे तिसरे. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. जुन्या डंपरची सगळी कथा या न जुळण्यात आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. जो आपला हौदा स्वतः उचलून माल ओततो तो टिपर किंवा डंपर. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे मोठ्या टिपरला सरसकट ‘हायवा’ म्हणतात. ‘हायवाने दुचाकीला उडवले’ अशा बातम्या आपण वाचतो. खरे तर हायवा ही गाडीची जात नव्हे. हौदा उचलणारा हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या मूळच्या डच कंपनीचे ते नाव. सिलिंडरवर लिहिलेले नाव लोकांनी वाचले आणि अख्ख्या गाडीला चिकटवले. वनस्पती तुपाला डालडा म्हणावे तसे. टाटांच्या टिपरवर ‘एलपीके’ अशी अक्षरे असतात, त्यांतला ‘के’ हा ‘किपर’ या जर्मन शब्दाचा. किपर म्हणजे कलंडणारा. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले, तेव्हापासून हे अक्षर आपल्याकडे वस्तीला आले. पंधरा वर्षांनी, १९६९ मध्ये करार संपला, नाकावरची मर्सिडीजची चांदणी गेली, तिथे टाटांचा ‘टी’ बसला. अक्षरे मात्र राहिली. त्या पुढच्या आकड्यांतही अर्थ असतो. ‘१२१०’ म्हणजे भरल्या गाडीचे वजन साधारण १२ टन आणि इंजिनाची ताकद शंभर अश्वशक्तीच्या घरात. ‘१६१२’ म्हणजे सोळा टन आणि एकशेवीसच्या घरात. खेड्यातली चौथी शिकलेली माणसे हे आकडे बीजगणितासारखे वापरतात.

जुन्नर-आंबेगावला या वाहनांची ओळख झाली ती प्रामुख्याने धरणांमुळे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही चार जुन्नरमध्ये, डिंभे हे पाचवे आंबेगावात. धरण म्हणजे शेवटी काय? एका जागची माती-दगड उचलून दुसऱ्या जागी रचणे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसे अजून गावोगाव आहेत. हातोडी, घमेले आणि फावडे एवढ्यावर ती कामे झाली. माणसांनी घमेल्या-घमेल्याने भरलेला ट्रक माणसांनीच रिकामा करायचा, यात अर्धा दिवस जाई. हौदा आपोआप कलंडणारी गाडी आली तेव्हा ज्यांच्या पाठी वाचल्या, त्यांना ती धूळ उडवणारी राक्षसीण वाटली नाही. पुढे कालवे झाले, चाऱ्या झाल्या, ऊस आला, साखर कारखाना आला, पक्की घरे आली. या प्रत्येक गोष्टीच्या पायात कोणत्या तरी डंपरने ओतलेली खेप आहे. आपण घराला वास्तुशांत घालतो, पाया भरणाऱ्या गवंड्याला टोपी-टॉवेल देतो. वाळू आणणाऱ्या गाडीला फक्त ‘मागे घे, मागे घे’ एवढेच बोललेलो असतो.

त्या काळात नवा ट्रक पैसे मोजूनही लगेच मिळत नसे. परवान्यांचा जमाना होता, नोंदणी करून थांबावे लागे. त्यामुळे जुनी गाडी टाकून देणे हा विचारच कोणाच्या डोक्यात येत नसे. तुटले ते जोडायचे, जुळत नसेल ते जुळवून घ्यायचे. ही विद्या कुठल्या महाविद्यालयात शिकवली गेली नाही. ती आली गावच्या सुतार-लोहाराच्या नेहावरून. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी बसवत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवेल. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान घडवायची, भोवती शेणी पेटवून ती लालबुंद करायची, फुगली की चाकावर घालायची आणि वर पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि लाकडाला अशी मिठी मारते, की एकही खिळा लागत नाही. आज डिझेल इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दातेरी कडे बसवतात ते याच रीतीने. कडे तापवायचे, फुगवायचे, बसवायचे, निवू द्यायचे. शेणीच्या जागी गॅस आला, एवढाच फरक. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात म्हादबा मेस्त्रींचे नाव आजही आदराने घेतात. औपचारिक शिक्षण नसताना परदेशी यंत्र बघून तसे यंत्र घडवणाऱ्यांची ती पिढी. प्रत्येक तालुक्याच्या रस्त्यावर त्या पिढीचे लहान-मोठे वारस निघाले.

माझा या जगाशी संबंध आला तो बँकेच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूने. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर शेतकरी, लघुउद्योजक यांच्या बरोबरीने छोटा वाहतूकदारही अग्रक्रमाच्या कर्जाच्या यादीत आला. एका ट्रकचा मालक, तोच ड्रायव्हर, आणि मेहुणा किन्नर अशी मंडळी जामीनदारांना घेऊन शाखेत येऊ लागली. गाडी बँकेकडे तारण, आरसी बुकावर बोजा, आणि वर्षातून एकदा अधिकाऱ्याने जाऊन गाडी ‘प्रत्यक्ष पाहिल्या’चा शेरा मारायचा. अशाच एका तपासणीला मी नारायणगावच्या पलीकडच्या एका शेडमध्ये गेलो होतो. कर्जदाराला जुनी गाडी उघडून पुन्हा बांधायची होती. त्यासाठी आणखी रक्कम हवी होती. मी फाईल उघडून चासी नंबर ताडून पाहत होतो. मिस्त्री साठीचे होते. त्यांनी एक लहान हातोडी घेतली आणि चासीच्या एका टोकापासून एकेक रिबीट वाजवत निघाले. टण, टण, टण. मध्येच एका ठिकाणी ‘ठप्’ असा आवाज आला. ते थांबले, खडूने खूण केली आणि पुढे सरकले. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, ‘‘साहेब, कागद तुम्ही बघा, लोखंड मी बघतो.’’

त्या दिवशी त्यांनी दाखवले ते असे. डंपरची चासी म्हणजे ‘सी’ आकाराच्या दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. जोड बहुतेक रिबिटांनी मारलेले असतात, कारण ही चासी चालताना पिळवटली पाहिजे. खड्ड्यात एक चाक गेले की सांगाडा थोडा मुरगळतो आणि पुन्हा सरळ होतो. जिथे रिबीट ढिले झाले तिथे आवाज बोदा येतो आणि कडेने गंजाची बारीक तांबडी रेघ उतरलेली दिसते. चीर पडते ती बहुधा पाट्यांचे हँगर जिथे बसतात तिथे, नाही तर केबिनच्या लगेच मागे. अडाणी कारागीर त्या चिरेवर वेल्डिंगचा जाड थर चढवतो आणि रंग मारतो. पण वेल्डिंगच्या आचेने शेजारचे पोलाद आपला मूळचा चिवटपणा गमावते आणि नवी चीर थराच्या अगदी कडेने धावते. म्हणून जाणकार मिस्त्री आधी चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडतो, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग तो जोड नीट भरतो आणि गरज असेल तिथे आतून दुसरी पट्टी बोल्टांनी बसवतो. पट्टी कुठे संपवायची यालाही शास्त्र आहे. एकदम सरळ कापली तर तिच्या टोकापाशीच चासी मोडते, म्हणून टोक तिरपे उतरते ठेवतात. चासी खरोखर मेलेली असेल तर प्रामाणिक मिस्त्री पहिल्याच दिवशी सांगतो, ‘‘हिच्यावर खर्च करू नका.’’ या एका वाक्यात त्याचे महिन्याचे काम बुडते. ते जो बोलू शकतो तो खरा मिस्त्री.

चासी जगणार असे ठरले, की बाकीचा पसारा उघडतो. इंजिनाचे लायनर-पिस्टन बदलायचे, क्रँक घासून घ्यायचा, हेड सपाट करायचे. जुन्या डिझेल इंजिनाचे काळीज म्हणजे इंधनाचा पंप. बंगळूरच्या मायको कंपनीने १९५१ पासून आपल्याकडे या कामात नाव कमावले. २००८ मध्ये तिचे नाव बॉश झाले, तरी मिस्त्री अजून ‘मायकोचा पंप’च म्हणतात. हा पंप बाकावर चढवून प्रत्येक सिलिंडरला डिझेलचा थेंबन् थेंब सारखा जातो की नाही हे मोजावे लागते. एका सिलिंडरला जास्त आणि दुसऱ्याला कमी गेले, की गाडी खोकते, काळा धूर ओकते आणि डिझेल पिते. मग गिअरबॉक्स, मग हाऊसिंगमधले क्राऊन-पिनियन, मग ब्रेक. सुटे भाग नवे मिळाले नाहीत तर भंगार बाजार असतात. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट. तिथे एका गाडीचे मरण ही दुसऱ्या गाडीची दवा असते.

आणि मग येतो हौदा. इथे मालकाच्या मनातले खरे बाहेर पडते. आपल्याकडे वाळू-खडी मोजतात ब्रासने. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. बारा फूट लांब, सात फूट रुंद आणि सुमारे दोन फूट पाच इंच उंच हौदा केला, तर त्यात बरोबर दोन ब्रास माल बसतो. ओली वाळू ब्रासला पाच टनांच्या आसपास भरते, म्हणजे झाले नऊ-दहा टन. जुन्या दोन धुऱ्यांच्या गाडीला एवढे पुरे. पण मालक मिस्त्रीच्या कानाशी लागतो, ‘‘फाळका जरा वर घ्या की, एक फूट!’’ एक फूट म्हणजे दिसायला काय? हातभर पत्रा. हिशेब मांडून पाहा. बारा गुणिले सात, चौऱ्याऐंशी घनफूट. म्हणजे पाऊण ब्रासपेक्षा जास्त आणि वजनात जवळजवळ चार टन. हे चार टन मालकाच्या वहीत जमेला पडतात. गाडीच्या अंगावर मात्र ते पाट्यांवर, टायरांवर, ब्रेकवर आणि माळशेजच्या उतारावर समोरून येणाऱ्यावर पडतात. जुन्या डंपरच्या दुरुस्तीत सगळ्यांत महाग वस्तू इंजिन नव्हे. ती हा एक फूट पत्रा आहे. तो नाकारणाऱ्या मालकाची गाडी वीस वर्षे चालते आणि तो लावणाऱ्याची दर पावसाळ्यात शेडमध्ये येते, असे मिस्त्री लोक सांगतात. बँकेतला माझा अनुभवही यापेक्षा वेगळा नव्हता. थकीत हप्त्यांच्या यादीत उंच फाळक्यांच्या गाड्या नेहमी पुढे असत.

हौदा उचलण्याची करामत मात्र पाहण्यासारखी असते. गिअरबॉक्सला एक जोडदांडा लावून इंजिनाची ताकद तेलाच्या पंपाकडे वळवतात. पंप तेल दाबतो, ते तेल सिलिंडरमध्ये शिरते आणि दुर्बिणीसारख्या एकात एक बसलेल्या नळ्या बाहेर पडत हौद्याचे तोंड वर उचलतात. मागचे टोक बिजागरीवर असल्याने पुढून उचलताना सिलिंडरला सुरुवातीला साधारण निम्मेच वजन पेलावे लागते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलो धरला, तर सहा टन उचलायला चाळीस चौरस सेंटिमीटरचा सिलिंडर पुरतो. म्हणजे चहाच्या पेल्याच्या तोंडाएवढा! सर्वांत जड काम पहिल्या वीतभर उचलीचे असते, म्हणून सर्वांत जाड नळी आधी बाहेर येते. पुढे माल घसरू लागतो आणि काम हलके होते. याच करामतीने माणसे मेलीही आहेत. वर केलेल्या हौद्याखाली टेकू न लावता कोणी दुरुस्तीला शिरले आणि तेलाची नळी फुटली, तर सावरायला क्षणही मिळत नाही. हौदा वर ठेवूनच गाडी हलवली आणि वर विजेची तार असली तर तोच प्रकार. म्हणून जाणत्या शेडमध्ये लोखंडी टेकू हौद्यालाच बिजागरीने कायमचा जोडून देतात; तो शोधायला जावे लागत नाही.

शेवटी केबिन आणि रंग. हा भाग मालकाच्या बायकापोरांचाही असतो. कोणत्या देवाचे नाव कपाळावर, मुलीचे नाव कुठल्या दारावर, मागे मोर की कमळ, याच्या चर्चा घरात रंगतात. ‘हॉर्न ओके प्लीज’ हे मागचे ब्रीद महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंद केले, कारण ते वाचून लोक खरोखरच भोंगा वाजवत सुटतात. बाकी चित्रे राहिली. पेंटर गावातलाच. घोड्याच्या पापण्या तो असा रेखतो, की कारखान्यातून आलेली गाडी बापुडी वाटावी.

आता बँकेचे उत्तर पाहू. आजच्या आयकराच्या हिशेबात भाड्याने चालणाऱ्या मालट्रकची किंमत दरसाल तीस टक्क्यांनी घटते. शंभर रुपयांची गाडी पाच वर्षांनी सुमारे सतरा रुपयांची, दहा वर्षांनी पावणेतीन रुपयांची आणि पंधरा वर्षांनी अर्ध्या रुपयाचीही नाही. वहीत गाडी मेली. पण त्याच गाडीवर त्या घरातली दोन लग्ने झालेली असतात, विहिरीचे बांधकाम झालेले असते, एक मुलगा अभियांत्रिकीला गेलेला असतो. वही खोटी नाही, तिला फक्त एवढेच विचारलेले असते, की विकली तर काय येईल. मिस्त्रीचा प्रश्न निराळा असतो. त्याला ठरवायचे असते, ती अजून काय करू शकेल.

सरकारच्या लेखी मात्र गाडी म्हणजे चासीवर ठोकलेला नंबर आणि कारखान्याने दिलेला नमुना. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितले. म्हणजे लांब ट्रकची चासी कापून आखूड टिपर करणे, जे पूर्वी सर्रास चाले, ते आज कायद्यात बसत नाही. फाळक्याचा एक फूट तर नाहीच नाही. १५ वर्षांवरील ट्रकच्या पासिंगचे शुल्क एप्रिल २०२२ पासून दीड हजारावरून साडेबारा हजारांवर नेले गेले. १३ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी वाहन मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. जुनी गाडी नोंदणीकृत केंद्रात दिली, तर तिच्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. केंद्र आणि राज्य सरकारांच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी तर १ एप्रिल २०२३ पासून रद्दच होऊ लागली.

हे सगळे जुलमाचे आहे, असे म्हणण्याचा मोह मी आवरतो. जुन्या इंजिनाचा काळा धूर शेवटी शाळेच्या पोरांच्याच छातीत जातो. हवेचे ब्रेक नसलेली, भरून वाहणारी गाडी घाटात सुटली, की ती कोणाच्या भावना पाहत नाही. रस्ता सर्वांचा आहे. तिथे आठवणींना पासिंगमधून सूट नको. जो मिस्त्री रिबीट वाजवून पाहतो, त्याला कडक तपासणीची भीती वाटायचे कारण नाही. ती भीती रंगाखाली चीर लपवणाऱ्याला वाटावी.

पण एक गोष्ट खटकते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या, वारसा ठरलेल्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ ही खास अक्षरे असलेला नंबर मिळतो. अशी गाडी प्रदर्शनाला, मिरवणुकीला नेता येते, धंद्याला नाही. नियम चांगला आहे. फक्त तो दुचाकींना आणि प्रवासी मोटारींना लागू आहे. राजेसाहेबांची मोटार वारसा ठरू शकते. धरणाची माती वाहिलेला ट्रक ठरू शकत नाही. तो एक तर कमावता असावा, नाही तर भंगारात जावा. कष्ट करणाऱ्यांच्या वाट्याला म्हातारपणी जे येते, तेच यंत्रांच्याही वाट्याला आले, असे मनात येऊन जाते.

इतर देशांनी यावर वेगवेगळे मार्ग काढले. ब्रिटनमध्ये जुन्या मालवाहू गाड्या जपणाऱ्यांची संस्था १९५८ मध्ये निघाली आणि १९६२ पासून लंडन ते ब्रायटन अशी जुन्या लॉऱ्यांची वारी निघते. कॅनडातल्या स्पारवुड या कोळशाच्या गावात ‘टायटन’ नावाचा एक डंपर उभा आहे. १९७३ मध्ये असा एकच बनला आणि एका खेपेला तीनशे टनांहून अधिक माल उचलणारा तो त्या काळचा जगातला सर्वांत मोठा ट्रक होता. १९९१ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा गावाने तो मागून घेतला, डागडुजी केली, हिरवा रंग दिला आणि रस्त्याच्या कडेला ठेवला. आत इंजिन मात्र नाही. तिथे त्यांनी देह जपला आणि प्राण काढून घेतला. आपण उलट करतो. देह फेकतो आणि प्राण दुसऱ्या देहात घालतो. दोन्हीत काही तरी हरवते. त्यांच्याकडे गाडी आहे, पण ती उघडून बांधण्याचे निमित्त उरले नाही. आपल्याकडे बांधणारे हात आहेत, पण त्यांनी काय बांधले हे दाखवायला एकही गाडी उरत नाही.

आळेफाट्यावरून पूर्वेला गेले की अहिल्यानगरात रणगाड्यांचे संग्रहालय आहे. १९९४ मध्ये ते सुरू झाले आणि शाळांच्या सहली तिथे नित्य जातात. लढाईची यंत्रे आपण जपली, हे योग्यच झाले. मग बांधकामाची का जपू नयेत? कुकडीच्या पाचांपैकी एखाद्या धरणाच्या पायथ्याशी, चौथऱ्यावर एक जुना नाकाडा टाटा टिपर उभा करायला कितीसा खर्च? तो मूळ रूपात बांधायला इथलेच मिस्त्री बोलवावेत. दोन ब्रासचा, वाढीव फाळका नसलेला हौदा. इंजिन चालू स्थितीत. वर्षातून एकदा धरणाच्या आवारात तो सुरू करावा, मुलांना हौदा उचलून दाखवावा आणि पेल्याएवढ्या सिलिंडरचे गणित फळ्यावर मांडावे. शेजारी बैलगाडीचे एक चाक ठेवावे, धाव बसवलेले. विज्ञानाचा याहून सोपा तास मला सुचत नाही.

हे लवकर करायला हवे, कारण घाई गाडीची नाही, माणसांची आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत-६ मानकाची इंजिने आली. त्यांत पंपाची जागा संगणकाने घेतली, धूर धुवायला ड्रायव्हर ज्याला ‘युरिया’ म्हणतात ते द्रावण आले. २०२५ पासून कारखान्यातून निघणाऱ्या मालट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, आणि घाटात घामाने निथळणाऱ्या ड्रायव्हरला ते मिळालेच पाहिजे होते. ही गाडी बिघडली तर हातोडीने कळत नाही. तिला संगणक जोडून विचारावे लागते, आणि त्या संगणकाची किल्ली कंपनीकडे असते. शेडमधली तरुण मुले तेही शिकतील. शिकू लागलीही आहेत. नेहावरून जी विद्या गॅसच्या ज्योतीपर्यंत आली, ती पडद्यापर्यंतही जाईल.

पण चासी अजून पोलादाचीच आहे. ती अजून पिळवटते, रिबिटाशी अजून गंजाची तांबडी रेघ उतरते, आणि ‘टण’ व ‘ठप्’ यांतला फरक अजून कोणत्याही पडद्यावर उमटत नाही. तो कान असलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या शेजारी उभे राहून ऐकणारे एखादे पोर मिळाले, तर हौदे कितीही बदलोत, खालचा सांगाडा शाबूत राहील.